शंभर मास्तरांची तालीम

आमच्याकडे कुणाचं जाहीर कौतुक झालं की त्याच्या गळ्यात एखादी समिती पडणार, हे ठरलेलं. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "सरांचा आवाज काय खणखणीत आहे!" आणि चहा येईपर्यंत मी पदवी वितरण समारंभ समितीचा निमंत्रक झालेलो होतो. समितीत आणखी सदस्य होते. म्हणजे, सदस्यच होते.

तारीख निघाली एप्रिलअखेरची. जळगाव जिल्ह्यात तेव्हा पारा ४३-४४ ला टेकलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण उन्हाचं काय, ते सगळ्यांनाच आहे. बी.एड. कॉलेजचं दुखणं वेगळं.

इतर शाखांची पोरं येतात, फोटो काढतात, निघून जातात. आमची तशी जात नाहीत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. पूर्वी वर्षभरात मास्तर तयार व्हायचा, आता दोन वर्षं मुरतो. या काळात तो शिकवायला तर शिकतोच, पण त्याहून पक्कं काही शिकत असेल तर दुसऱ्याच्या शिकवण्यातल्या चुका काढायला. सोबत्याचा सराव पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसून 'प्रस्तावना लांबली', 'फलकलेखन तिरपं', 'मागच्या मुलांकडे दुर्लक्ष' असं नोंदवहीत टिपायचं, हा अभ्यासक्रमाचाच भाग. असे शंभर जण एका सभागृहात, आणि त्यांना तालमीत सूचना द्यायला समोर मी.

मी माईक हातात घेतला. "हे बघा, डावीकडून चढायचं, डाव्या हाताने प्रमाणपत्र घ्यायचं, उजव्या हाताने हस्तांदोलन, फोटोग्राफरकडे बघायचं आणि उजवीकडून उतरायचं."

"सर, आधी पूर्वज्ञान तपासायला हवं होतं ना?" एक आवाज.

"आणि एका दमात इतक्या सूचना दिल्या तर वर्ग गोंधळतो," दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिच्या नोंदवहीत हे वाक्य लाल शाईने मीच लिहिलं होतं.

मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की स्टेजवरची चाल सूक्ष्म अध्यापनाच्या पद्धतीने बसवू या. सूक्ष्म अध्यापन म्हणजे शिकवण्याचं एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटायचं. त्याचं चक्र ठरलेलं असतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. तेवढ्यात आमची पहिली रांग कशीबशी पायऱ्या चढून उतरली आणि दुसऱ्या रांगेने 'नेत्रसंपर्क नाही, हालचालीत सहजता नाही' असा शेरा मारून तिला परत वर पाठवलं.

प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या शिपाईमामांना मधल्या खुर्चीत बसवलं होतं. सुरुवातीला ते प्रत्येकासाठी उठून उभे राहत होते. हळूहळू त्यांना खुर्ची मानवली. तिसऱ्या रांगेपासून त्यांनी बसूनच हात पुढे करायला सुरुवात केली आणि चौथ्या रांगेतल्या एकाला तर "शर्ट खोच रे" म्हणून माघारी पाठवलं. त्या सगळ्या गर्दीत त्यांच्यावर मात्र कुणी शेरा मारला नाही.

खान्देशात नावांची यादी वाचणं हेही धाडसाचं काम. 'पाटील' म्हटलं की अर्धं सभागृह उठतं. उरलेल्या अर्ध्यात चौधरी, महाजन, नंदुरबारकडचे वसावे, पाडवी, पावरा. यंदा तर नाव तेच, वडिलांचं नाव तेच आणि आडनाव पाटील, अशा दोघी निघाल्या. एक पारोळ्याची, एक एरंडोलची. आईचं नाव जोडू म्हटलं, तर तेही एकच. गावाचं नाव पुकारू म्हटलं, तर "सर, एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटतं," अशी पारोळ्याने हरकत घेतली. त्यात एरंडोलचं मधल्या काळात लग्न झालेलं. सासरच्यांचा फोन, की नाव आमचं लावा. माहेरच्यांचा फोन, की फी आम्ही भरली आहे. "प्रमाणपत्रावर जे आहे तेच पुकारलं जाईल," हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलं, की बायकोने संध्याकाळी भाजी कुठली करू असं विचारलं तर तिलाही मी तेच सांगितलं.

फ्लेक्सची कथा वेगळीच. विद्यापीठ १९९० साली निघालं तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ साली ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. फार चांगलं झालं. असोद्यात जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई, आणि आमच्याकडचा मास्तर मिरवतो ती पदवी तिच्या नावाची, हे मला मनापासून आवडतं. (नोकरीचं म्हणाल तर ती त्यानंतर टीईटी ही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल या रांगांतून जाते. त्याची तालीम कुणी घेत नाही.) फ्लेक्सवाल्याची अडचण मात्र जागेची होती. विद्यापीठाचं नाव, संस्थेचं नाव, कॉलेजचं नाव, अध्यक्षांचा फोटो, उपाध्यक्षांचा फोटो, सचिवांचा त्याहून थोडा मोठा फोटो. मी विचारलं, "यात 'पदवी वितरण समारंभ' कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, ते तं लोकायले माहितीच आहे."

पोशाखावरून दोन तट पडले. दीक्षान्त समारंभात हातमागाचे कपडे वापरा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्येच विद्यापीठांना कळवलेलं आहे. तो आधार घेऊन मी खादीचं उपरणं सुचवलं. पण मुलांना काळा गाऊन आणि टोपी हवी होती. फोटोत टोपी नसेल तर ती पदवी कसली, हा त्यांचा सवाल. भाड्याने गाऊन आले, सगळे एका मापाचे, शुद्ध पॉलिस्टर. घालून सगळे रांगेत उभे राहिले आणि वीज गेली. कूलर थांबले. चर्चेने जे सुटलं नव्हतं ते तिथल्या तिथे सुटलं. उपरण्याचा ठराव एकमताने पास.

मंडपवाला धुळ्याकडचा. खुर्च्या कधी येणार, असं विचारलं की त्याचं एकच उत्तर: "कसाले टेन्शन लेतस, सर? व्हई जाई." जनरेटर? व्हई जाई. स्टेजची हलणारी पायरी? व्हई जाई. आदल्या रात्री खुर्च्या आल्या. त्यांच्या पाठीवर कुणाच्या तरी लग्नाचे गुलाबी फुगे अजून बांधलेले होते.

पाहुणे पुण्याचे. मानधन नको म्हणाले, फक्त बामणोदच्या वांग्यांचं भरीत हवं. एप्रिलमध्ये! ती वांगी थंडीतली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, कांद्याची पात घालून खायची गोष्ट. उन्हाळ्यात ती आणायची कुठून? शेवटी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, यावर तडजोड झाली.

समारंभ झाला. व्हायचाच होता. स्टेजवर दिलेल्या फाइली रिकाम्या होत्या. खरी प्रमाणपत्रं ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्यावर कार्यालयाच्या खिडकीवर मिळणार होती. त्यामुळे दोन्ही पाटील एकदमच चढल्या आणि हाताला लागेल ती फाइल घेऊन उतरल्या, तरी कुणाचं काही बिघडलं नाही. हलणाऱ्या पायरीवर शिपाईमामा पाय रोवून उभे होते.

पाहुण्यांचं भाषण लांबलं. पुढच्या दोन रांगांतली मुलं मान खाली घालून भराभर लिहीत होती. ते बघून पाहुणे आणखी खुलले, तिसऱ्यांदा 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. मुलं काय लिहीत असतील, हे आम्हा प्राध्यापकांना न बघता कळत होतं.

जेवताना पाहुणे म्हणाले, "तुमचे विद्यार्थी फार गुणी हो. आमच्याकडे भाषणात कुणी पेन उघडत नाही. जरा त्यांनी काय टिपलंय ते बघायला मिळेल का?"

मी वाढप्याला हाक मारली. पाहुण्यांच्या ताटात आणखी एक बट्टी चुरून घेतली आणि वरून तूप सोडायला लावलं, ते नको नको म्हणेपर्यंत.