ब्रच्कोचं एका ओळीत उरकलंत
बोस्नियावरचा लेख वाचला, पण तिथल्या ब्रच्को या शहराबद्दल एकच ओळ लिहून पुढं गेलात ते पटलं नाही. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानं देशाचे दोन भाग केले, त्यातल्या एकात परत १० कॅन्टन (प्रांतच म्हणा), म्हणजे सरकारंच सरकारं. ब्रच्को मात्र २००० मध्ये कुठल्याच एका भागाच्या ताब्यात न देता वेगळा जिल्हा केला, आणि त्याच्या आधीच ॲरिझोना नावाच्या रस्त्याकडच्या बाजारात युद्धात आपसांत लढलेले सर्ब, क्रोएट, बोस्नियाक एकमेकांकडनं माल घेत होते की! आमच्या बेळगावात युद्ध झालं नाही, देवाची कृपा, पण २००४ पासनं महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात आहे आणि इकडं खानापूरकडचा म्हातारा शेतकरी कन्नडमधला जमिनीचा उतारा हातात धरून वाचून दाखवणारं कोण भेटतंय का बघत उभा असतोय. निकाल लागेल तेव्हा लागू दे, तोवर कागद तरी दोन्ही भाषांत द्या.