इंग्लंडला कशाला गेलात, असं विचारणाऱ्या वाचकांना

घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरमधून खोल्यांतल्या रेडिएटरना जाणारं पाणी ६० अंशांवर आणा, गॅस वाचेल, असा लेख मी लिहिला. त्याखाली तुम्ही लिहिलंत: ‘पाण्याचं तापमान कमी केलं की घर तापायला वेळ लागतो. रेडिएटर लहान असतील तर तापतच नाही. गरम पाण्याची टाकी असलेल्यांनी काय करायचं? आणि एवढा चिकटपणाच करायचा होता तर इंग्लंडला कशाला गेलात?’

टाकीचं मान्य. साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला हे घातक जंतू वाढू नयेत म्हणून टाकी ६० अंशांच्या खाली आणायची नाही. लेखात ते पार तळाशी होतं, वर हवं होतं. झालं समाधान?

आता शेवटच्या वाक्याकडे येते, कारण खरी प्रतिक्रिया तेवढीच आहे. लेस्टरमधला माझा पहिला हिवाळा भाड्याच्या खोलीत गेला. प्रीपेड मीटर होता. पैसे संपले की गॅस बंद, मग अंगात कोट घालून अभ्यास. घरमालकाला सांगितलं तर म्हणाला, अजून एक स्वेटर घाला. तेव्हा थंडी म्हणजे काय हे मला पुण्यात रजईत बसून कुणी शिकवू नये. २०२२च्या हिवाळ्यात सरकारने दर बांधून दिले, तरी सर्वसाधारण घराचं गॅस-विजेचं बिल वर्षाला अडीच हजार पौंडांच्या हिशेबाने येत होतं. नातवंडांसाठी आलेले आईवडील घरात शाली गुंडाळून बसलेत आणि सूनबाईंचं लक्ष मीटरकडे, अशी घरं पाहिलीत कधी?

आणि कुडकुडत बसा असं मी लिहिलंय कुठे? थर्मोस्टॅट २० वरच राहू द्या. २००५पासून इथे बसवलेले जवळजवळ सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग आहेत. धुरातल्या वाफेचं आतच पाणी झालं की तिची उष्णता आपल्याला मिळते. पण त्यासाठी रेडिएटरकडून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. बसवणारा बॉयलरमधून निघणारं पाणी ७५-८० वर लावून निघून जातो आणि आपण पैसे भरलेली ऊब भिंतीतल्या नळीतून गल्लीत जाते. (ती गल्लीही गरम होत नाही, हे वेगळं.) कॉम्बीला, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणाऱ्या बॉयलरला, त्या पाण्याचं बटण निराळं असतं. रेडिएटरचं ६० वर आणल्याने तुमची आंघोळ गार होणार नाही, घाबरू नका.

वेळ लागतो? लागतोच. हीटिंग अर्धा तास आधी लावायचं. लहान रेडिएटरवाल्यांनी ६५ वर थांबावं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमच्या घरी कॉम्बी आहे की टाकी, की नुसताच गिझर, तेवढं सांगा. मग बोलू.