उणे पन्नास

२०२४ चा मे महिना. पार्क चौकातला आमचा कट्टा दिवेलागणीलाही एवढा तापलेला की बूड टेकवलं तर चटका. त्यात विन्यानं मोबाइल पुढं केला. भेगाळलेली जमीन, मागं ढणढण संगीत, खाली लाल पट्टी : 'उजनी धरण उणे ५० टक्के! सोलापूरकरांच्या तोंडचं पाणी पळालं'.

"संपलं बे. शून्याच्याही खाली गेलंय. आता प्यायचं काय?"

आमचा पश्या एका पेपरात पानं लावतो, आठला ड्यूटी. चहा फुंकत म्हणाला, "शून्याखाली पाणी असतंय का बे कुठं? उणे झालेली बादली बघितलीस कधी?"

मग हिशेब निघाला. उजनीत एकूण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं तळाचं जवळपास ६४ म्हणजे मृतसाठा, एरवी न वापरता राखून ठेवायचं पाणी, आणि शून्य धरतात ते त्याच्या वर. टक्केवारी वरच्या साडेत्रेपन्नाची. म्हणून उणे पन्नासलाही धरणात साधारण ३७ टीएमसी पाणी असतं. आकडा खोटा नाही. इंजिनिअरनं सोयीसाठी ओढलेली रेघ उचलून थेट आपल्या माठात ठेवली, एवढंच.

"मग 'अजून ३७ टीएमसी शिल्लक' असं छाप की!"

"कोण वाचणार?" पश्या म्हणाला. निदान कबूल तरी करतो.

सलीमला हे पटेना. त्याचे चार माग आहेत, टॉवेलचे. "त्या ३७ मध्ये गाळ किती, ते सांग की. आणि पातळी उतरली की दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसावं लागतंय, ते काय चॅनेलवाल्यानं उकरून काढलं? घाबरल्याशिवाय आपली माणसं अंगणात पाइप मारायची थांबत नाहीत बे." यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. मला तर त्याचं निम्मं पटलंच.

पश्यानं विषय फोटोवर नेला. धरण आटायला लागलं की काठ कुठलाही असो, भेगा पडणारच; फक्त मागचं पाणी चौकटीत येऊ द्यायचं नाही. उजनी उतरली की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. तेच उतरलेलं पाणी पहिल्या पानावर संकट असतं आणि रविवारच्या पुरवणीत सहल. "दोन्ही पानं मीच लावतो," हे वर.

मला खटकत होतं ते वेगळंच. २०२२ ला धरण शंभर टक्क्यांच्या वर होतं, तेव्हा रोज नळ येत होता का? तेव्हाही काही दिवसांआडचाच हिशेब होता. पण भरलेलं धरण आणि कोरडा नळ एका फोटोत बसत नाही. भेगा दाखवल्या की दोष पावसावर जातो, आणि धरणापासून घरापर्यंतच्या पाइपाचं कुणी नावच काढत नाही.

"पाइपाचा फोटो काढून लावू काय पहिल्या पानावर?" पश्या उखडला. "बघायला तरी काय आहे त्यात?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात विन्याचा फोन वाजला. घरून. "पाणी सुटलंय!" अर्धा चहा कट्ट्यावर ठेवून तो किक मारून गेलासुद्धा. पाचवा दिवस होता त्यांच्या गल्लीचा.

पश्यानं त्याचा चहा उचलला, घड्याळ बघितलं. "चला. आज उणे एक्कावन्न आलंय म्हणे. मोठा टाइप लागणार."