सेकंदाला २४० अक्षरं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरी बसून यूजनेट, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर विषयवार गटांत चालणाऱ्या जाहीर चर्चा, वाचायचं, तर टेबलावर २४०० बॉडचा मोडेम, फोनच्या तारेच्या पलीकडे विद्यापीठाचं युनिक्स मशीन, आणि त्याच एकुलत्या एका फोनवर डोळा ठेवून असलेले तीन रूममेट, असा एकूण संसार. २४०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरं. पडदा २४ ओळींचा, ओळीत ८० अक्षरं. भरगच्च पडदा उमटायला आठ सेकंद. ऐकायला काहीच नाही; पण सॉक.कल्चर.इंडियन या भारतीयांच्या चर्चागटावर कोणी आधीच्या चौघांचं भांडण अख्खं उतरवून खाली नुसतं ‘सहमत’ लिहिलं, की ते ‘सहमत’ येईपर्यंत इकडे चहा उकळून गाळून व्हायचा.

त्यामुळे न्यूजरीडर, म्हणजे यूजनेट वाचायचा प्रोग्राम, निवडताना माझा निकष एकच: मितभाषी हवा.

लॅबमधली मंडळी म्हणत, टिन घे. देखणा होता. बाणांच्या किल्ल्या, वरखाली सरकणारी पट्टी. लॅबमध्ये बसून सल्ला द्यायला काय जातं? घरून पान उलटलं की टिन पडदा पुसून पहिल्यापासून लिहायला बसे. लाइनवर खरखर झाली की मजकुरात महिरपी कंसांची रांगोळी उमटे, आणि ती पुसायला कंट्रोल-एल दाबावं, तर पुन्हा आठ सेकंद. इमॅक्स या मजकूर-संपादकाच्या भक्तांनी त्यातच चालणारा ग्नूस सुचवला. इमॅक्स सुरू होईपर्यंत रूममेटचा आईला फोन करायचा वार उलटून जाई, म्हणून तो विषय तिथेच संपला.

आरएन मात्र भला. पुढे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेमुळे गाजलेल्या लॅरी वॉलने तो १९८४मध्ये लिहिलेला. लेखाच्या पहिल्या पानावर किती ओळी दाखवायच्या हे तो लाइनचा वेग बघून आपणच ठरवी. गरिबाची एवढी कदर हल्लीचं सॉफ्टवेअर करत नाही. फक्त लेख आले त्या क्रमाने दाखवी, त्यामुळे कधी उत्तर सोमवारी आणि प्रश्न बुधवारी. आरएनच्याच पुढच्या अवताराने, टीआरएनने, प्रश्न आणि उत्तरांचे धागे जुळवले खरे, पण लेखाच्या डोक्यावर उजवीकडे कंसांचा आणि रेघांचा वंशवृक्ष काढून. म्हणजे पुन्हा अक्षरंच!

शेवटी डॅनिश एनएनशी जमलं. आधी नुसते विषय, प्रत्येकापुढे ए, बी, सी. हवी ती अक्षरं दाबा, बाकीचं आयुष्यात येतच नाही.

लिहायला मात्र आरएनसोबतचं पीन्यूज वापरत असे. एकादशी जवळ आलेली, साबुदाणा कुठे मिळतो एवढंच मला विचारायचं होतं. पीन्यूजने बजावलं: हा संदेश साऱ्या सुसंस्कृत जगातल्या हजारो यंत्रांवर जाईल, नेटला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च येईल, नक्की पाठवायचंय? शेकडो डॉलर! आमच्याकडे ताईच्या लग्नात एवढे लागले नव्हते. पण भगर तरी किती दिवस खायची? वाय दाबलं.

साबुदाण्याचा पत्ता कोणीच दिला नाही. उपास ही अंधश्रद्धा की विज्ञान यावर मात्र न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत जुंपली, आणि पुढच्या आठवड्यात एनएनच्या यादीत माझ्याच विषयाखाली ए पासून शेवटच्या अक्षरापर्यंत उत्तरं. मी कॅपिटल के दाबलं. हा विषय ३० दिवस दाखवू नको ना, असं एनएनने एका ओळीत विचारलं. मी रिटर्न मारलं.