मुक्त पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स काढणं गुन्हा नाही

‘ऑनलाइन मिळणारी मुक्त पाठ्यपुस्तकं कुणाच्याच मालकीची नसतात, कुणीही ती बदलतो म्हणून चुकांनी भरलेली असतात, आणि दुकानात झेरॉक्स काढून वाटली तर शाळेवर गुन्हा दाखल होतो.’ हा मेसेज वाचून बहिणीच्या शाळेत वाटायला काढलेल्या प्रती कपाटात गेल्या. पुरे झालं आता.

आधी झेरॉक्सचं, कारण मुलांचं नुकसान तिथेच होतंय. फुकट आणि मुक्त या वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट पीडीएफवर ‘सर्व हक्क राखीव’ असेल, तर तिच्या प्रती वाटण्याची परवानगी मिळालेली नसते. मुक्त पुस्तकावर परवाना छापलेला असतो. असे तयार परवाने देणाऱ्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे परवाने सहा आहेत आणि सहाही परवाने श्रेय देऊन विना-नफा प्रती वाटू देतात. मग दुकानदार पैसे घेतो त्याचं काय? नेमका हाच वाद अमेरिकेत कोर्टात गेला. ‘ग्रेट माइंड्स’ या प्रकाशकाचं शालेय गणिताचं साहित्य बीवाय-एनसी-एसए, म्हणजे अव्यापारी वापराच्या परवान्याचं होतं. शाळांना पैसे घेऊन त्याच्या प्रती काढून देणाऱ्या ‘फेडेक्स ऑफिस’वर त्यांनी दावा लावला. २०१८ मध्ये अपील कोर्टातही तो टिकला नाही. वापर शाळेचा आणि अव्यापारी. दुकानदार फक्त तिच्या सांगण्यावरून प्रत काढतो.

चूक होते ती दुसरीकडे. झेरॉक्स काढताना परवान्याचं पानच गाळलं जातं. प्रतीवर शीर्षक, लेखक, मूळ दुवा आणि परवाना हवा. मजकूर बदलला असेल तर तेही लिहायचं. एखादं छायाचित्र वेगळ्या परवानगीने घेतलेलं असतं, म्हणून चित्राखालची ओळ वाचा.

‘मालकी नसते’ हे साफ खोटं. बहुतेक मुक्त पुस्तकांवर लेखकाचा किंवा प्रकाशकाचा कॉपीराइट असतोच. परवाना देतो तो हक्कदारच.

‘कुणीही बदलतो’ हे अर्धं खरं. बदलणारा आपली प्रत बदलतो, मूळ पुस्तक जागच्या जागी राहतं. ‘ओपनस्टॅक्स’ हे मुक्त पाठ्यपुस्तकं काढणारं प्रकाशन तर वाचकांनी कळवलेल्या चुका तपासून दुरुस्त्या जाहीर करतं. पण गटागटांतून फिरत आलेली फाइल जुनी किंवा कुणी फेरफार केलेली असू शकते, हे मान्य करावं लागेल. ती वापरू नका. मूळ ठिकाणाहून उतरवा, आवृत्तीची तारीख बघा. भाषांतर करून वाटायचं असेल तर आधी परवान्यात ‘एनडी’ (म्हणजे बदल करून वाटायला मनाई) नाही ना, ते पाहा; असेल तर स्वतंत्र परवानगी लागेल.