गाडी थरथरते? मग थरथरू द्या!

पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना रेस दिली की गाडी थरथरते आणि पाय काढला की गप्प बसते? बसू दे. फक्त हे कोणाला सांगू नका. थरथर नेमकी कधी होते एवढं कळलं तरी निम्मं निदान फुकटात होतं, आणि फुकटच्या गोष्टीला किंमत नसते.

आधी व्हील बॅलन्सिंग करून या. बॅलन्सिंगचा दोष साधारण 80 ते 100 च्या वेगात हाताला जाणवतो, आणि पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो, तसाच राहतो. तुमची गाडी चाळिशीतच कापते म्हणता? असू दे. सोबत अलाइनमेंटही उरका. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. थरथरीशी त्याचा फारसा संबंध नाही. पण पडद्यावर लाल आकडे हिरवे होताना बघायचं सुख काही औरच.

मग रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे राहा. काही करू नका, नुसते उभे राहा. निदान चहाचा कप घेऊन स्वतःच खाली येतं. "पेट्रोल कुठं भरता?" इथपासून सुरुवात होईल. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतील, "आमच्या प्रीमिअर पद्मिनीला अस्संच व्हायचं. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदला." प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा, क्रॉस म्हणजे त्याचा सांधा. पद्मिनीची मागची चाकं ओढायची, तुमच्या गाडीची पुढची ओढतात आणि तिला प्रोपेलर शाफ्टच नाही, हे काकांना सांगू नका. वयाचा मान असतो.

पुढच्या चाकामागे मात्र वाकून बघू नका. तिथे ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटवर घड्या-घड्यांचं काळं रबरी बूट असतं. ते फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतील, आणि मग विचार करावा लागेल. ग्रीस गेलं की आत धूळ-पाणी शिरतं आणि जॉइंट झिजतो. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत तीन रोलर असतात. जोर पडला की ते झिजलेल्या खाचेत अडखळतात, म्हणून चढावर थरथर. जोर गेला की शांतता. चाकाकडचा जॉइंट गेला असेल तर स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट वाजतं. तेव्हा पार्किंगमध्ये गाडी वळवताना गाणी मोठ्याने लावा. जॉइंट पुरता तुटला तर टोचन आहेच.

चेक इंजिनचा पिवळा दिवा मिचकावत असेल तर त्यावर मोरयाचं स्टिकर चिकटवा. तेव्हा बहुधा जोर लावताना पेट्रोल पेटवणारा प्लग किंवा कॉइल दगा देत असते, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो भाग चांगलाच महाग असतो. तेवढ्यासाठी प्लग बदलायचे?

आता नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, घेऊन या. गाडी सिग्नलला उभी असताना अजिबात कापत नाही, तरी घ्या. स्वस्त मिळालं हे सांगता येतं.

इतकं करून भागलं नाही तर गॅरेजला टाका. पण फिटरबरोबर चढावर चक्कर मारायला जाऊ नका. "गाडी व्हायब्रेट होते" एवढं लिहून घ्या आणि निघा. तो एकटाच सपाट गल्लीत हळू चक्कर मारेल आणि संध्याकाळी फोन करेल, "साहेब, काही नाही, मक्खन चालतीये." गाडी धुऊन मिळेल. धुलाईचे पैसे बिलात असतात.