परदेशी गव्हाचं सोवळं

लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत राहता म्हणून काय झालं? जमीनदाराचं काळीज ठेवायला जागा लागत नाही. तेव्हा पोळी महाग झाल्याची कुरकुर थांबवा आणि ती महाग कशी ठेवतात ते विलायतेकडून शिकून घ्या.

आधी पार्लमेंट जमीनवाल्यांनी भरा. 1815 साली ते तसंच भरलेलं होतं. त्यांनी ‘कॉर्न लॉ’ म्हणजे धान्याचा कायदा केला, की देशी गहू क्वार्टरला 80 शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गव्हाने बाजारात पाऊल ठेवायचं नाही. (क्वार्टर म्हणजे सुमारे 218 किलो, भलता अर्थ काढू नका.) लंडनकर खवळले, तर पार्लमेंटभोवती सैन्य उभं केलं. पोटात काही नसलेली माणसं फार वेळ ओरडत नाहीत.

तोंडी मात्र सतत शेतकऱ्याचं हित असू द्या. तिथला कसणारा बहुतेक कूळ. गहू वधारला की करार सरताच खंड वाढायचा. हे अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने त्याच 1815 साली लिहून ठेवलं. स्वतः आदल्याच वर्षी मोठी जमीन विकत घेतली होती, त्यामुळे माहीतगार माणूस. पण त्याचं कशाला वाचता? स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला विचारा. वडा दोन रुपयांनी वाढला, गर्दीही टिकली, तर अकरा महिन्यांनी कुणाचं फावतं? गाळ्याच्या मालकाचं.

1828 मध्ये बंदीऐवजी परदेशी गव्हावर सरकता कर आणला: भाव चढेल तसा कर उतरणार, 73 शिलिंगांना नावापुरता. व्यापाऱ्यांनी गहू गोदामात दाबला आणि भाव चढायची वाट पाहिली. हे मसजिद बंदरला कुणाला शिकवावं लागणार नाही.

हा कायदा मोडायला निघालेल्या मँचेस्टरच्या कॉब्डन-ब्राइट मंडळींपासून जपा. गिरणीमालक स्वस्त भाकरीसाठी गळा काढू लागला की आधी मजुरीचा हिशेब बघावा, हे गिरणगावात काय सांगायचं!

आयर्लंडचा बटाटा कुजला, तिथं खायचे वांधे झाले आणि 1846 च्या जूनमध्ये पंतप्रधान पीलने कायदा रद्द करून घेतला. रद्द करण्याचं विधेयक लॉर्डांच्या सभेत मंजूर झालं त्याच रात्री पील कॉमन्समध्ये दुसऱ्या विधेयकावर हरला, चार दिवसांत खुर्चीही गेली. स्वपक्षातल्या जमीनदारांना दुखवू नये ते यासाठी.

आणि याच कायद्याविरुद्ध 1843 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ काढणारा जेम्स विल्सन? तो पुढे आपल्याकडे आला, 1860 साली इथं प्राप्तिकर सुरू केला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. पितृपक्षात त्याच्या नावाने एक पोळी काढून ठेवा. गहू देशीच घ्या. परदेशी गव्हावर 2019 मध्ये आपण आयातशुल्क 40 टक्के केलं, कावळ्यालाही परवडणार नाही.